कोर्टाचा नकाशा मतपेटीत

१९३९ साली न्यू जर्सीचे गव्हर्नर ए. हॅरी मूर यांनी राज्याच्या सर्वात वरच्या अपील न्यायालयावर एका तरुणाची नेमणूक केली. या तरुणाने कायद्याची पदवी पुरी केलेली नव्हती. पण त्याचे नाव होते फ्रँक हेग ज्युनिअर. थोरले हेग १९१७ पासून जर्सी सिटीचे महापौर होते. शहर, हडसन काउंटी (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) आणि राज्यातला डेमोक्रॅटिक पक्ष त्यांच्या खिशात होता. मूर यांनी आडपडदा ठेवला नाही. या नेमणुकीने पोराच्या वडिलांना आनंद होईल, असे ते सांगून मोकळे झाले.

हा किस्सा राजकारण्यांच्या निर्लज्जपणाचा नमुना म्हणून सांगितला जातो, आणि तो आहेच. मला मात्र प्रश्न पडतो तो त्या खुर्चीचा. राज्याच्या शेवटच्या न्यायालयात कायद्याची पदवी नसलेला माणूस बसू शकेल अशी खुर्ची मुळात होतीच कशी? कोर्ट ऑफ एरर्स अँड अपील्स नावाच्या त्या न्यायालयात १६ जण बसत: एक चान्सलर, जुन्या सुप्रीम कोर्टाचे नऊ न्यायाधीश, आणि वकील असण्याची अट नसलेले सहा सदस्य. म्हणजे पुढाऱ्यांच्या आप्तांची सोय १८४४ च्या राज्यघटनेनेच करून ठेवली होती. मूर गेले असते तर दुसरा कोणी आला असता. खुर्ची तशीच राहिली असती.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, न्यायाधीश कोण असावा हे मतदारांना विचारू नये. न्यायालये किती असावीत, कोणती असावीत, त्यांचा खर्च कोणी करावा आणि त्यांत बसण्याची पात्रता काय असावी, हे मात्र जरूर विचारावे. न्यू जर्सीने नेमके हेच केले. तिथे न्यायाधीशांची निवडणूक होत नाही, पण न्यायव्यवस्थेच्या रचनेचा प्रश्न मतदारांपुढे पुन:पुन्हा गेला आहे. त्या राज्यात आज मराठी माणूस भरपूर आहे. घराचा मालमत्ता कर भरतो, ज्युरीचे बोलावणे आले की सुट्टी काढून जातो. ज्या कोर्टात तो जातो त्याची आजची घडी मतदारांच्या होकाराने बसली, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

जुन्या न्यू जर्सीत काय होते ते थोडे सविस्तर पाहायला हवे, कारण आपल्याला ते खरे वाटणार नाही. आपल्याकडे एखाद्याने शेजाऱ्यावर दावा लावला तर एकच दिवाणी न्यायाधीश मनाई हुकूमही देतो आणि नुकसानभरपाईही. न्यू जर्सीत ही दोन वेगळी न्यायालये होती. पैशाची भरपाई हवी तर कायद्याचे कोर्ट. मनाई हुकूम हवा, कराराची पूर्तता करून घ्यायची, ट्रस्टचा हिशेब मागायचा, तर चान्सरी. एकाच भांडणाचे दोन तुकडे असतील तर दोन दावे, दोन ठिकाणी. चान्सरीत वर्ष घालवल्यावर कळायचे की प्रश्न कायद्याच्या कोर्टाचा होता. मग तिकडे पुन्हा पहिल्यापासून. याशिवाय कॉमन प्लीज, सर्किट कोर्ट, ऑर्फन्स कोर्ट, क्वार्टर सेशन्स, ऑयर अँड टर्मिनर. इंग्लंडमधून आलेली ही मांडणी खुद्द इंग्लंडने १८७० च्या दशकात मोडीत काढून एक केली होती. न्यू जर्सीने ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जपून ठेवली.

अपिलाची तऱ्हा आणखी न्यारी होती. सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश खाली खटले चालवत, तेच सुप्रीम कोर्ट म्हणून अपिले ऐकत, आणि त्यांतलेच नऊ जण सर्वात वरच्या न्यायालयातही सदस्य. ज्याच्या निकालावर अपील आहे त्या न्यायाधीशाने त्या अपिलापुरते बाजूला व्हायचे, पण उरलेले सगळे रोजचे सहकारीच. कोण कुणाची चूक काढणार?

यात केवळ वेगळी न्यायालये असणे हा दोष नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. शेजारच्या डेलावेअरने आपली चान्सरी आजही वेगळी ठेवली आहे आणि मोठमोठ्या कंपन्या तिच्याकडे विश्वासाने जातात. पण डेलावेअरची चान्सरी एका कामात मुरलेली आहे. न्यू जर्सीत मात्र कुणाचा अधिकार कुठे संपतो यावरच भांडणे चालत. कायद्याचे अभ्यासक रॉस्को पाउंड यांनी १९०६ साली सेंट पॉल येथे अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेपुढे केलेल्या भाषणात दुखण्याचे नाव घेतले होते: न्यायालये भाराभर, अधिकार एकमेकांवर चढलेले, आणि न्यायाधीशांच्या श्रमाची उधळपट्टी. एका कोर्टात न्यायाधीश रिकामा बसलेला आणि पलीकडच्या इमारतीत फायलींचा ढीग, पण याला उचलून तिकडे बसवायचा अधिकार कुणालाच नाही.

मग हे बदलले का जात नव्हते? विधिमंडळ होते, वकील होते, वृत्तपत्रे होती. कारण अगदी साधे आहे. प्रत्येक कोर्टाबरोबर कारकून, बेलिफ, नेमणुका आणि फिया येतात, आणि या सगळ्याची वाटणी काउंटीतल्या पुढाऱ्याच्या हातात असते. विधिमंडळातले सिनेटर काउंटीतूनच निवडून येत, लोकसंख्या कितीही असो, प्रत्येक काउंटीला एक. ज्यांनी कोर्टे कमी करायची त्यांचेच कार्यकर्ते त्या कोर्टांवर पोसलेले. अशा ठिकाणी सुधारणा आतून होत नाही. ती वरून लादली तर हुकूमशाही ठरते. उरतो मतदार.

मतदारानेही पहिल्या फेरीत नकारच दिला. १९४० च्या निवडणुकीत गव्हर्नर झालेले चार्ल्स एडिसन, म्हणजे शास्त्रज्ञ थॉमस एडिसन यांचे चिरंजीव, यांनी घटना बदलण्याचा आग्रह धरला आणि हेग यांच्याशी उभा दावा मांडला. त्यांच्यानंतरच्या गव्हर्नरांच्या काळात, नोव्हेंबर १९४४ मध्ये, विधिमंडळाने तयार केलेला मसुदा मतदानाला गेला आणि पडला. हेग यांनी ताकद लावली होती. नव्या घटनेने चर्चच्या मालमत्तेची करसवलत जाईल अशी भीती कॅथलिक मतदारांना घालण्यात आली. लोकांना विचारणे म्हणजे अफवांना दार उघडणे, असे म्हणणाऱ्यांना हा दाखला हवाच असतो, आणि तो खोटा नाही.

पण पुढचे पाहा. जानेवारी १९४७ मध्ये आल्फ्रेड ड्रिस्कॉल गव्हर्नर झाले. त्यांनी विधिमंडळाकडून मसुदा न करवता घटना परिषद बोलवायची परवानगी आधी मतदारांकडे मागितली. ३ जूनला लोकांनी ती दिली आणि त्याच दिवशी ८१ प्रतिनिधी निवडले. १२ जूनपासून न्यू ब्रन्सविकला रटगर्स विद्यापीठाच्या व्यायामशाळेत परिषद बसली. उन्हाळाभर वकील, न्यायाधीश, कामगार संघटना, महिला संघटना, निग्रो नागरिकांच्या हक्कांसाठी झगडणारे लोक येऊन बोलून गेले. १० सप्टेंबरला मसुदा पुरा झाला. ४ नोव्हेंबरला मतदान झाले. बाजूने साडेसहा लाखांहून अधिक, विरुद्ध दोन लाखांहून कमी.

तीन वर्षांत मतदार काही शहाणे झाले नव्हते. माणसे तीच होती, पण त्यांच्यापुढे प्रश्न मांडण्याची रीत बदलली होती. १९४४ साली त्यांना तयार मसुदा दाखवून हो किंवा नाही म्हणायला सांगितले होते. १९४७ साली त्यांनी आधी माणसे पाठवली, त्यांची चर्चा वाचली, मग होकार दिला. सार्वमत फसते ते बहुधा या मधल्या टप्प्याला फाटा दिल्यामुळे.

या विजयाची किंमतही मोजावी लागली आणि ती लपवण्यात अर्थ नाही. हेग यांना गप्प करण्यासाठी करांच्या कलमात जर्सी सिटीला हवी तशी तरतूद घालावी लागली, कारण शहरातल्या रेल्वे कंपन्यांच्या जमिनींवर पुरेसा कर मिळत नाही ही त्यांची जुनी तक्रार होती. ही किंमत मी क्षम्य मानतो. दुसरी जास्त जड आहे. विधिमंडळातल्या प्रतिनिधित्वाला परिषदेने हात लावायचा नाही, ही अट जूनच्या मतदानातच घातलेली होती. लहान काउंट्यांना भीती होती की त्यांचा एक-एक सिनेटर जाईल. म्हणून कोर्टे सुधारली, पण एका सिनेटरमागे काही हजार लोक आणि दुसऱ्यामागे लाखो, हा अन्याय तसाच राहिला. तो हलायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे १९६४ चे निकाल यावे लागले. न्यायालयांची रचना लोकांना विचारली, पण लोकांच्या स्वतःच्या प्रतिनिधित्वाबद्दल त्यांना विचारायचे नाही असे आधीच ठरवून. सुधारकांच्या गौरवकथांत हा भाग पटकन उरकतात.

१५ सप्टेंबर १९४८ पासून नवी व्यवस्था सुरू झाली. वर सात जणांचे सुप्रीम कोर्ट. खाली सुपीरिअर कोर्ट, त्यात कायदा आणि चान्सरी या दोन शाखा, आणि अपिलांची तिसरी. दोन्ही शाखांना एकमेकींचे अधिकार वापरता येतात, त्यामुळे भांडण ज्या दारातून आत आले तिथेच संपते. न्यायाधीशांची नेमणूक गव्हर्नरने सिनेटच्या संमतीने करायची. सात वर्षांनी फेरनेमणूक झाली तर वयाच्या सत्तरीपर्यंत पद कायम. सर्व न्यायालयांचा कारभार सरन्यायाधीशाच्या हाती, आणि न्यायाधीशाला कामाच्या गरजेप्रमाणे कुठेही बसवण्याचा अधिकारही त्याचाच. पहिले सरन्यायाधीश आर्थर व्हँडरबिल्ट. हे हेग यांचे हाडवैरी, न्यूयॉर्क विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाचे प्रमुख, आणि स्वतः एसेक्स काउंटीतले मुरब्बी रिपब्लिकन पुढारी. त्यांनी न्यायाधीशांकडून आठवड्याचा कामाचा अहवाल मागायला सुरुवात केली. किती तास बसलात, किती निकाल राखून ठेवले आहेत. आपल्याकडे असे कुणी केले तर काय गहजब होईल याची कल्पना करून पाहावी.

इथेच माझ्या युक्तिवादाला सर्वात मोठा धक्का बसतो, आणि तो बाहेरच्या विरोधकांकडून नव्हे, याच व्हँडरबिल्टांकडून. नव्या घटनेत लिहिले होते की न्यायालयांच्या कामकाजाचे नियम सुप्रीम कोर्टाने करावेत, पण ते कायद्याच्या अधीन असावेत. साध्या वाचकाला याचा अर्थ कळतो: विधिमंडळाने कायदा केला तर नियम त्याच्यापुढे झुकेल. १९५० च्या विनबेरी विरुद्ध सॅलिसबरी या निकालात व्हँडरबिल्टांच्या कोर्टाने ठरवले की कामकाजाच्या नियमांपुरता तो अर्थ लागू नाही, विधिमंडळाला त्यात ढवळाढवळ करता येणार नाही. लोकांनी ज्या शब्दांना मत दिले त्यांचा अर्थ त्या शब्दांमुळे बळ मिळालेल्या न्यायालयाने स्वतःच्या सोयीने लावला. निकालाचा परिणाम कदाचित चांगला झाला असेल. कामकाजाचे नियम पुढाऱ्यांच्या हातात गेले नाहीत. तरी रीत मला पटत नाही. लोकांकडे परत जाण्याचा रस्ता मोकळा होता. दुरुस्ती मांडायची, मत घ्यायचे.

तो रस्ता न्यू जर्सीने नंतर वापरला, म्हणून मी त्या राज्याचे उदाहरण घेतो. १९४७ ला तडजोड म्हणून काउंटी कोर्टे शिल्लक ठेवली होती. १९७८ च्या दुरुस्तीने मतदारांनी ती सुपीरिअर कोर्टात विलीन केली. कोर्टांचा खर्च तोवर काउंट्या मालमत्ता करातून करत. गरीब काउंटीतले कोर्ट गरीब, श्रीमंत काउंटीतले झुळझुळीत. १९९२ मध्ये मतदारांनी हा खर्च राज्याकडे दिला, आणि १९९५ पासून कोर्टाचे कर्मचारी राज्याचे झाले. न्यू जर्सीचा मालमत्ता कर साऱ्या अमेरिकेत कुप्रसिद्ध आहे, त्यामुळे हा प्रश्न कुणाला समजावून सांगावा लागला नसणार. २०१४ साली जामिनाचा प्रश्न आला. अडीच हजार डॉलर किंवा त्याहून कमी रक्कम भरता न आल्याने तुरुंगात पडून असलेले लोक एकूण कैद्यांत सुमारे १२ टक्के आहेत, असे वर्षभर आधीच्या पाहणीत दिसले होते. दुसऱ्या बाजूला, खरोखर धोकादायक आरोपीजवळ पैसे असतील तर तोवरच्या घटनेप्रमाणे त्याला जामीन नाकारता येत नव्हता. मतदारांनी जामीन नाकारण्याचा अधिकार न्यायाधीशांना दिला, आणि त्याच्याच जोडीने झालेल्या कायद्यामुळे २०१७ पासून पैशाचा जामीन जवळपास बंद झाला. गुन्हेगारीच्या प्रश्नावर लोक हमखास भडकून मत देतात, असे मानणाऱ्यांनी हे मतदान पाहावे.

लोक चुकतही नाहीत असे नाही. २०१२ साली न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की न्यायाधीशांच्या पगारातून पेन्शनसाठी जास्त रक्कम कापणे म्हणजे पगार कमी करणे, आणि घटनेला ते मान्य नाही. चारच महिन्यांत विधिमंडळाने दुरुस्ती मांडली आणि मतदारांनी ती प्रचंड बहुमताने मंजूर केली. इतर सरकारी नोकरांचे कापता तर यांचे का नाही, हा प्रश्न रास्त आहे. पण निकाल आवडला नाही म्हणून न्यायाधीशांच्या खिशाला लगेच हात घालता येतो, हे एकदा दाखवून दिले की पुढच्या वेळी धमकी देण्याचीही गरज राहत नाही. रचनेचा प्रश्न आणि सूड यांतली रेघ इथे पुसट झाली.

तरीही ही चूक आणि न्यायाधीशांची निवडणूक यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मेक्सिकोने २०२४ मध्ये घटना बदलून सगळे न्यायाधीश लोकांनी निवडायचे ठरवले. १ जून २०२५ ला पहिली निवडणूक झाली. केंद्रीय पातळीवरच ८८१ पदे. मतदान सुमारे १३ टक्के. मतपत्रिकेवर अनोळखी नावांची रांग, आणि कुणाला मत द्यायचे याच्या छापील चिठ्ठ्या वाटल्या जात होत्या. अनोळखी ३० नावांतून चांगला न्यायाधीश ओळखता येत नाही, हा मतदाराचा दोष नाही. तो प्रश्नच त्याला विचारण्यासारखा नव्हता. आणि गंमत अशी की जो प्रश्न विचारण्यासारखा होता, म्हणजे न्यायाधीश निवडणुकीने नेमावेत का, तो सार्वमताला टाकलाच नाही. ते संसदेने आणि राज्यांच्या विधिमंडळांनी आपापसात उरकले.

आपल्याकडे हा सगळा विचार परका वाटतो, कारण घटनादुरुस्तीसाठी मतदारांना विचारण्याची सोय ३६८ व्या कलमात नाही. पण महाराष्ट्र-गोव्याच्या माणसाला असा कौल अगदीच अनोळखी नाही. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे. सुमारे ३४ हजार मतांनी विलीनीकरण नाकारले गेले. महाराष्ट्रात अनेकांना ते झोंबले. पण प्रश्न स्पष्ट होता, महिनोन्‌महिने त्यावर सभा, कीर्तने, अग्रलेख झाले होते, आणि निकाल दोन्ही बाजूंनी पचवला.

त्याच्या शेजारी कोल्हापूरच्या खंडपीठाची कथा ठेवून पाहा. सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकाराने मुंबईला खेपा का घालायच्या, हा प्रश्न चाळीस वर्षांहून अधिक काळ वकिलांनी मोर्चे, उपोषणे आणि कामबंद आंदोलने करून धरून ठेवला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झाले, ते १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याखाली मुख्य न्यायमूर्तींनी राज्यपालांच्या मान्यतेने काढलेल्या अधिसूचनेने. निर्णय योग्यच झाला. पण चाळीस वर्षांत एकदाही त्या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकाराला कुणी औपचारिकपणे विचारले नाही की तुझे किती पैसे, किती दिवस जातात. बोलले ते वकील, ठरवले ते न्यायमूर्तींनी. होकार आला तेव्हाही त्याला कारण द्यावे लागले नाही, आणि आधीची चाळीस वर्षे नकारालाही लागत नव्हते. न्यायाधीशांच्या नेमणुकीसाठीचा राष्ट्रीय आयोग संसदेने २०१४ मध्ये जवळपास एकमताने आणला, निम्म्याहून अधिक राज्यांनी दुजोरा दिला, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो चार विरुद्ध एक मताने रद्द केला. दोन संस्थांच्या या रस्सीखेचीत लोक प्रेक्षक होते. आयोगाची रचना मलाही सदोष वाटत होती, तरी हा प्रश्न फक्त त्या दोघांचा होता हे मला मान्य नाही.

सार्वमताची तरतूद भारतात उद्या येणार नाही. पण न्यू ब्रन्सविकमधला उन्हाळा आणायला घटनादुरुस्ती लागत नाही. खंडपीठ कुठे, तालुका न्यायालयांचे विलीनीकरण करायचे का, ग्राहक आयोग आणि लवादांच्या जागा कोणत्या शहरात, यावर विधिमंडळाची समिती जिल्ह्याजिल्ह्यांत जाहीर सुनावण्या घेऊ शकते. वकिलांच्या आधी पक्षकारांना बोलावू शकते. तिचा अहवाल फेटाळायचा तर उच्च न्यायालयाने लेखी कारणे द्यावीत, एवढा पायंडा पाडायला कोणत्या कलमाची आडकाठी आहे?

आणि रचना चांगली झाली म्हणजे काम झाले असे समजणाऱ्यांनी पुन्हा एकदा न्यू जर्सीकडे पाहावे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथले सरन्यायाधीश स्टुअर्ट रॅबनर यांनी सहा काउंट्यांतले दिवाणी आणि घटस्फोटाचे खटले थांबवले. कारण न्यायाधीशांच्या इतक्या जागा रिकाम्या होत्या की फौजदारी आणि तातडीची कामे उरकल्यावर माणूसच शिल्लक राहत नव्हता. जागा रिकाम्या राहण्यामागे एक अलिखित रिवाज आहे: उमेदवाराच्या काउंटीतल्या सिनेटरने संमतीच्या कागदावर सही केली नाही तर नाव पुढे सरकत नाही, आणि का केली नाही हे सांगायचे बंधन नाही. म्हणजे हेग यांच्या काळातला काउंटीचा पुढारी दारातून गेला आणि खिडकीतून परत आला. नाव सिनेटकडे आल्यापासून ठरावीक मुदतीत उघड मतदान झालेच पाहिजे, नाहीतर संमती मिळाली असे धरावे, अशी एका वाक्याची दुरुस्ती तिथल्या मतदारांपुढे ठेवण्यासारखी आहे. ती आधी सिनेटलाही मंजूर करावी लागेल, अडचण फक्त तेवढी आहे. १९४४ नंतर ड्रिस्कॉल यांच्यापुढे हीच अडचण होती, आणि त्यांनी सिनेटरांशी वाद घालत न बसता आधी लोकांकडे परिषदेची परवानगी मागितली होती.